अर्धा बाक

२८ फेब्रुवारी १९९७, शुक्रवार

हे काल जर्मनीला गेले. जूनपर्यंत तिकडेच. लिहून बघितलं तरी खरं वाटत नाही. सित्र्याच्या कारखान्यात ज्या कॉम्प्रेसरपाशी उभं राहून यांचे कान अर्धे बधिर झाले, त्याचंच नवं मशीन येणार आहे, म्हणून ते जिथे बनतं तिथे कंपनीने यांना शिकायला पाठवलंय. तायड्यांच्या घरातलं कुणी अकोल्याच्या पुढे गेलं नव्हतं. हे आधी इथे बहारीनला आले आणि आता थेट जर्मनी.

सकाळी वरच्या मजल्यावरची हेमा खाली आली. तिचा सलील विमानतळावर अकाउंट्समध्ये आहे. विमानांचे हिशेब लिहितो, पण बसतो फक्त पुण्याच्या वाटेवर. "जर्मनी? दशरथभावजी?" असं तिने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना तिचा चेहरा पडला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळलं, म्हणून मी तिच्या चहात साखर जरा जास्तच घातली.

बॅगेत निळ्या मोज्यांचे चार जोड ठेवलेत, मनामाच्या बाजारातून आणलेले. यांनी नवा कॅमेरा घेतलाय. कसा चालतो ते निघायच्या आदल्या दिवशी मला दाखवत होते. मी म्हटलं, पापड तळू का कॅमेरा पाहू? मग त्यांनी तो गुमान डबीत ठेवला.

९ मार्च, रविवार

फोन आला. तिकडे बर्फ आहे, शेतं आहेत आणि गाईंच्या गोठ्यांचा वास आहे. म्हणजे जर्मनीत जाऊनही हे खेड्यातच. कारखाना बिबराख नावाच्या गावाजवळ आहे आणि हे तिथून दोन गावं पुढे एका बाईच्या घरी खोली घेऊन राहतात. रविवारी सगळं बंद, कुत्रंही भुंकत नाही म्हणे. घरमालकीण चर्चला निघाली, हे एकटे खिडकीत बसलेले दिसले, म्हणून तिने यांनाही गाडीत घातलं.

"मंग? गेले आतमधी?" मी विचारलं.

"आधी बाहेरच उभा होतो. मंग तिनं हात धरून नेलं. बूट काढले न गेलो."

"बूट काहून काढले? थे लोक तर घालूनच जातात."

"जात असतीन. माह्याच्यानं नाही झालं."

या माणसाने जन्मात देवळात पाय ठेवलेला नाही. यांच्या आजोबांना गावच्या देवळाच्या पायरीखाली थांबवत. छपन्न सालानंतर यांचे वडील म्हणाले, आता तुमची पायरीही नको आणि देवही नको. विहारात जायचं तर बूट बाहेर, एवढंच यांना ठाऊक. म्हणून त्या थंड फरशीवर हे नुसत्या मोज्यांवर गेले. मी म्हटलं, आपण प्रतिज्ञा घेतल्या आहेत, आठवते न? तर म्हणाले, पूजा थोडीच करून रायलो, बसून पाहून रायलो.

फोन ठेवल्यावर मला हसू येत राहिलं. अजूनही येतंय.

२३ मार्च, रविवार

आज फोनचं कार्ड संपेस्तोवर बोलले. लग्नाला अकरा वर्षं झाली. घरात यांचं बोलणं म्हणजे "डबा दे", "बस आली", "पंखा बंद कर". आणि आज? श्टाइनहाउझेन नावाचं बारकं गाव, त्यात अंड्याच्या आकाराचं चर्च, आत सगळं पांढरं आणि सोनेरी. छतावर एवढं मोठं चित्र की मान दुखते. खिडकीच्या वर चुन्याची खार बसवलीय, पक्षी आहेत, किडे आहेत. खांब संगमरवराचे वाटतात म्हणून यांनी बोटाने ठोकून पाहिले तर चुनाच, घोटून घोटून दगडासारखा केलेला. अडीचशे वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या खेड्यात कुणी इतकं का केलं असेल, म्हणे. आजूबाजूच्या प्रत्येक गावात असं एकेक आहे. आता बाईची सायकल घेऊन दर रविवारी नवं गाव बघणार.

त्या खारीवर हे किती वेळ बोलले. लेकीच्या, श्रावस्तीच्या बारशाला मी जांभळी पैठणी नेसले होते, तेव्हा म्हणाले होते, "बरी आहे."

खारीचा कसला मत्सर करायचा? पण वाटला, म्हणून लिहून ठेवते.

३ एप्रिल, गुरुवार

पोस्टाने फोटो आले. मागे गावाचं नाव, कोपऱ्यात नारिंगी अक्षरांत तारीख. चर्च बघून डोळे दिपले हे कबूल करते. नंतर माझी नजर खाली गेली.

यांच्या पायात लाल मोजे आहेत. लाल, त्यावर पांढरी नक्षी, हाताने विणलेले. मी दिलेले चारही जोड निळे होते.

बाकावर हे एका बाजूला, उजव्या कडेला चिकटून बसलेत. यांच्या डाव्या हाताची अर्धी जागा रिकामी. असं एका फोटोत नाही, सगळ्याच फोटोंत.

हेमाने फोटो हातात घेतले, पुन्हा पुन्हा पाहिले आणि विचारलं, "अगं, पण हे काढले कोणी?"

मी म्हटलं, घरमालकीण असेल. सत्तरीची आहे म्हणतात.

"सत्तरीचीच आहे हे पाहिलंयस तू? आणि सत्तरीची असली म्हणजे तिला चाळिशीची मुलगी नसेल?" असं म्हणून तिने फोटो नीट चळत करून परत दिले. फेब्रुवारीतल्या साखरेचं व्याज तिने वसूल केलं.

रात्रभर तेच डोक्यात. ती अर्धी जागा कुणाची? फोटो काढणारीचीच. उठली, खटका दाबला, पुन्हा जाऊन बसली. एका फोटोत तर हे धड बसलेलेही नाहीत, अर्धवट वाकलेत, धाप लागल्यासारखं तोंड उघडं. तिच्यापुढे एवढी कसली त्रेधा उडाली? तिला कॅमेराही नीट धरता येत नाही. प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला काहीतरी तपकिरी, धूसर आलंय.

६ एप्रिल, रविवार

फोनवर विचारलं, मोजे कुठून आणले? "बाईनं विणले. म्हणे तू बूट काढल्याशिवाय राह्यत नाही तं हे घाल, नाहीतं मरशीन." आणि हसले. त्या हसण्याने माझा तिळपापड झाला.

फोटो कुणी काढले ते विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. खोटं मिळालं तर कळलं असतं आणि खरं मिळालं तर काय केलं असतं?

मग म्हणाले, आनंदाची बातमी आहे. ट्रेनिंग तीन महिन्यांच्या वर असलं तर बायकोमुलांचं पंधरा दिवसांचं तिकीट कंपनी देते. मेच्या मध्यावर या दोघी. कंपनीचा लतीफ पासपोर्ट न्यायला येईल. "श्रावस्तीले खार दाखवतो म्हणा."

आम्हाला बोलावून कॅमेरेवालीला कुठे लपवणार आहेत? की लपवायचीही गरज वाटत नाही?

१८ एप्रिल, शुक्रवार

जयंती चौदाला होती, पण इथे सुट्टी शुक्रवारची म्हणून आज साजरी केली. अश्वजितच्या घरी सगळे जमलो. वंदना झाली, मुलांची भाषणं झाली. श्रावस्ती अर्धं मराठीत बोलली आणि अडली तिथे इंग्रजीत शिरली. अश्वजित यांच्याच शिफ्टवर आहे. म्हणाला, "वहिनी, आपल्यातला पहिला माणूस तिकडं गेला अन् आता तुम्हीबी चालल्या. बाबासाहेब म्हणत, शिका." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मान खाली घालून वरणात पळी फिरवत बसले. माझ्या मनात काय चाललंय ते या लोकांना कळलं तर काय म्हणतील? शिकायला गेलाय माणूस, आणि बायको मोजे मोजतेय.

२२ एप्रिल, मंगळवार

लतीफ आला. कंपनीची व्हिसाची कामं तोच करतो. दारातूनच म्हणाला, "मॅडम, पासपोर्ट. दो. यल्ला, जल्दी, एम्बसी में लंबा लाइन है."

पासपोर्ट माझ्या मागच्या कपाटात, साड्यांच्या खाली होते. मी म्हटलं, सापडत नाहीत, पुढच्या आठवड्यात या.

का म्हटलं? लतीफ जिना उतरेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तिथे गेले आणि ती दिसली तर मला परत यायला घर उरणार नाही. इथे बसून निदान जळता तरी येतं.

२९ एप्रिल, मंगळवार

लतीफ पुन्हा आला. मी म्हटलं, पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये आहेत आणि किल्ली यांच्याकडे आहे. लॉकर आमच्या बापजन्मी नव्हता. लतीफने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. नंतर खांदे उडवून म्हणाला, "इंशाल्ला, नेक्स्ट वीक."

श्रावस्तीने आतून ऐकलं असावं. जेवताना विचारलं, "मम्मी, व्हेन इज अवर व्हिसा कमिंग?" तिने वहीत खारीचं चित्र काढलंय, सोनेरी स्केचपेनने.

४ मे, रविवार

फोटोंचं दुसरं पाकीट आलं. पाच गावं, पाच चर्च. एका ठिकाणी एवढा मोठा ऑर्गन आहे की त्याच्यामध्ये खिडक्या मावल्यात. लाल मोजे तेच. अर्धा बाक तोच. आता तर त्या रिकाम्या जागी यांनी हात ठेवलाय, पालथा, जागा धरून ठेवतात तसा.

हेमाला दाखवले नाहीत. फोनवर हे म्हणाले, "तू आली की तुले श्टाइनहाउझेनलेच आधी नेतो. सकाळी नेतो, उजेड भेटते चांगला." मी हं म्हटलं. किती गोड बोलता येतं या माणसाला. कुणाकडून शिकले?

६ मे, मंगळवार

लतीफ तिसऱ्यांदा आला. मी दार पुरतं उघडलंही नाही. तो म्हणाला, "मफी पासपोर्ट, मफी व्हिसा. खलास, मॅडम." पासपोर्ट नाही तर व्हिसाही नाही. त्याला राग आला नव्हता, आणि तेच मला लागलं.

११ मे, रविवार

हे म्हणाले, "व्हिसा आला का?"

मी म्हटलं, "नाही आला."

मग म्हणाले, "जाऊ दे. आपल्यासारख्याले कोणी लवकर देते का व्हिसा? तू मनाले लावून घेऊ नको." मलाच धीर देत होते.

खोटं बोलले मी. पण ते तरी कुठे खरं बोलतायत? फिटंफाट झाली असं स्वतःला दिवसभर सांगितलं.

श्रावस्तीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "ओके," म्हणाली, आणि वहीतलं ते पान उलटलं.

२२ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. खीर केली. गेल्या रविवारी यांचा फोन आला नाही. पहिल्यांदाच चुकला. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्यापाशी, मी म्हणायची थांबले. श्रावस्तीने एकटीने म्हणून पूर्ण केलं.

२५ मे, रविवार

फोन आला, पण अगदी तुटक. श्रावस्तीची परीक्षा कशी झाली, एसीचं बिल भरलं का. चर्चचा विषय नाही. मीच विचारलं, आज कुठलं गाव? "गेलो होतो एक," एवढंच म्हणाले.

घरी बोलत तसे बोलले. मला ओळखीचं माणूस परत मिळाल्यासारखं वाटलं.

५ जून, गुरुवार

तिसरं पाकीट. थोडेच फोटो आहेत. पहिला तसाच, अर्ध्या बाकाचा, पण पुढच्या सगळ्यांत हे बाकाच्या मधोमध बसलेत. दोन्ही बाजू सारख्या. हात मांडीवर, बावळटासारखे सरळ समोर बघतायत.

गेली! कॅमेरेवाली गेली. भांडण झालं असेल, तिचं तिला दुसरं काही मिळालं असेल, मला काय त्याचं? मी उठून शेवयांचा उपमा केला. नंतर हेमाला खाली बोलावून फोटो दाखवले. ती म्हणाली, "भावजी वाळलेत गं." मी म्हटलं, तिकडचं जेवण.

१५ जून, रविवार

आले. खरंच वाळलेत. श्रावस्तीला घरमालकिणीने विणलेले मोजे आणलेत. ते तिने लगेच घातले आणि फरशीवर घसरत सुटली. माझ्यासाठीही पुडकं होतं. मी न उघडता कपाटावर टाकलं. त्या घरचं काही नको मला.

२० जून, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

श्रावस्ती म्हणाली, "पप्पा, टेक अवर फोटो. ऑल थ्री." मी म्हटलं, थांबा, हेमाला बोलावते काढायला.

"हेमाताई कशाले पाह्यजे?" हे म्हणाले. कॅमेरा टीव्हीवर ठेवला. खाली दोन पुस्तकं सारली, डोळा लावून पाहिलं, वाकून काहीतरी दाबलं. कॅमेऱ्याच्या अंगावर एक लाल दिवा लुकलुकायला लागला. हे भरभर चालत येऊन सोफ्यावर बसले. "हलू नका." खट्ट झालं.

"कोणी काढला?" मी विचारलं.

"त्यानंच. आपोआप निंगते. तिकडं सारे असेच तं काढले. समोरच्या बाकावर ठेवाचा न पळत जाऊन बसाचं. एकडाव तं बसाच्या आधीच उडाला." आणि श्रावस्तीला म्हणाले, "तुह्या मम्मीले दाखवत होतो, तं थे पापड तळत होती."

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर तिन्ही पाकिटं मांडली. खालची तपकिरी धूसर पट्टी समोरच्या बाकाची होती, ज्यावर कॅमेरा ठेवला होता. आणि ती रिकामी जागा सगळीकडे डावीकडे. लग्नाच्या फोटोपासून आजच्या सोफ्यापर्यंत मी यांच्या डाव्या हाताला बसते. बसून बसून इतकी सवय झालीय की कधी मनातच आलं नाही.

तिथे कुणी नव्हतं. मी नव्हते, म्हणून तिथे कुणी नव्हतं.

मग नारिंगी तारखा बघितल्या. अकरा मेपर्यंत अर्धा बाक. अठरा मेपासून मधोमध.

बाहेर येऊन विचारलं, "तुम्ही लतीफशी बोलले होते?"

हे श्रावस्तीसाठी टरबूज कापत होते. सुरी थांबली नाही. "व्हय. तू नाही आला म्हटलं, त्याच्या पुढच्या शनिवारी फोन केला होता ऑफिसले. म्हटलं, व्हिसा काहून नाही आला पाहू. तं तो म्हणे, पासपोर्टच नाही भेटला."

"मंग मले काहून नाही विचारलं?"

"यायचं नसन तुले, म्हटलं." टरबुजाच्या बिया काढत म्हणाले, "जबरदस्ती थोडीच आहे."

कॅमेरेवालीचं सांगायला मी तोंड उघडलं, पण सांगणार काय? कावीळ मला झाली होती आणि पिवळं मी यांना म्हणत राहिले. असती कुणी तर भांडता तरी आलं असतं. "चुकलं माह्यं," एवढं म्हटलं. यांनी टरबुजाची ताटली माझ्याकडे सरकवली.

२१ जून, शनिवार

हे शिफ्टला गेल्यावर कपाटावरचं पुडकं काढलं. लाल मोजे, पांढरी नक्षी. घातले तर पायात अगदी बरोबर बसले. त्या बाईने माझा पाय कधी पाहिलाय? यांनीच माप सांगितलं असणार. आता वाटतं, माझ्या पायाचं माप यांना ठाऊक आहे हे मला अकरा वर्षांत ठाऊक नव्हतं.

मोजे घालून खूप रडले. एसी बंद होता, पाय घामाने भिजले, तरी काढले नाहीत.

११ जुलै, शुक्रवार

या आठवड्यात हे दिवसपाळीला असताना मी कॅमेऱ्याशी झटले. पहिल्यांदा नुसती भिंत आली असणार. दुसऱ्यांदा दिवा लुकलुकला आणि मी टेबलाला अडखळले. रोल संपवला आणि कोपऱ्यावरच्या जमालुद्दीनच्या दुकानात धुवायला दिला. काल पाकीट देताना तो म्हणाला, "भाभी, आधे फोटो तो खाली सोफे के हैं." मी म्हटलं, तसेच हवे होते.

एक चांगला आलाय. मी सोफ्याच्या डाव्या कडेला चिकटून बसलेय. केस विस्कटलेत, तोंड उघडं, पायात लाल मोजे. उजवीकडची जागा रिकामी. तिथे मी हात पालथा ठेवलाय.

आधी वाटलं, यांच्या डब्यात चपातीखाली ठेवावा. पण तेल लागलं असतं. म्हणून साड्यांखालचा माझा पासपोर्ट काढला, त्यात फोटो घातला आणि यांच्या शिफ्टच्या बॅगेत वरच ठेवला.

१२ जुलै, शनिवार

सकाळी हे बॅग उचलून गेले. सित्र्याकडे रस्ता बंद होता म्हणून बस उशिरा परतली. आल्यावर हातपाय धुतले, जेवायला बसले. मी भाकरी वाढत होते आणि यांच्या तोंडाकडे बघत होते. काही नाही. वांग्याची भाजी दुसऱ्यांदा घेतली.

मग पाणी पिऊन म्हणाले, "लोकरीचे मोजे थंड्या पाण्यानं धुजो. म्हातारीनं सांगून ठेवलं होतं. गरम पाण्यानं आटतात."

पासपोर्ट परत दिला नाही. फोटोसकट बॅगेतच आहे, मी बघितलं.

आता जुलैत बहारीनच्या नळाला थंड पाणी कुठून आणू? गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. फ्रिजमधल्या बाटल्या बाहेर काढून मोठं पातेलं भरून आत ठेवलंय. सकाळपर्यंत गार होईल.